खोकल्याची तिसरी पट्टी: बाबांना अजून अँटिबायोटिक द्यावं का?

वेताळटेकडी

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढते आहे, कारण आमच्या घरात सध्या कुणाचीच झोप धड होत नाही.

बाबा ७१ वर्षांचे. अनंत चतुर्दशीला मिरवणूक बघायला लक्ष्मी रोडवर रात्री उशिरापर्यंत उभे होते. दुसऱ्या दिवशी घसा धरला, मग सर्दी, मग खोकला. आज २३ वा दिवस. ताप फक्त पहिले दोन दिवस होता. बेडका आधी पांढरा पडायचा, मग पिवळा, आता सकाळचा पहिला चक्क हिरवट असतो. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी स्वतःच अ‍ॅझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी आणली. बरं वाटलं म्हणाले, आठवड्यात परत तेच. मग ओळखीच्या डॉक्टरांनी फोनवर दुसरं अँटिबायोटिक सांगितलं, ते पाच दिवस झालं. आता काका त्यांच्याकडची उरलेली एक पट्टी घेऊन आले आहेत आणि "हिरवा कफ म्हणजे जंतू, घेऊन टाक" असं चाललंय.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. हिरवा कफ म्हणजे जंतूच का? आणि दोन कोर्स झाल्यावर तिसरा द्यावा का?

पर्वतीपायथा

काकांची पट्टी आधी काढून घ्या. दुसऱ्याच्या आजारातून उरलेली गोळी तुमच्या बाबांसाठी नाही. बाकी जाणकार सांगतीलच.

आजोळ_वाई

आमच्याकडे ज्येष्ठमध, अडुळसा, रात्री हळद-दूध. तिसऱ्या आठवड्यात खोकला आपोआप गेला होता. थोडा धीर धरा ताई.

काचपट्टी

मी सूक्ष्मजीवशास्त्राची. गेली १९ वर्षं प्रयोगशाळेत रोज सकाळी लोकांची थुंकी बघते, त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहिते.

हिरव्या रंगाबद्दल आधी. तो रंग जंतूंचा नसतो. शरीर लढायला ज्या पांढऱ्या पेशी पाठवतं त्यांच्यात एक हिरवट रंगाचं विकर (एन्झाइम) असतं. त्या पेशी मोठ्या संख्येने मेल्या की कफ हिरवा दिसतो. लढाई विषाणूशी झाली तरी हिरवा, जिवाणूशी झाली तरी हिरवा. रात्रभर साचलेला सकाळचा पहिला बेडका जास्त गडद दिसतो, हे तर आलंच. तेव्हा नुसत्या रंगावरून गोळी सुरू करणं म्हणजे धूर दिसला म्हणून कुणाच्याही घरात पाणी मारत सुटणं.

सर्दीनंतर जो छातीत उतरलेला खोकला असतो, तो बहुतेक वेळा विषाणूचाच असतो आणि दोन-तीन आठवडे सहज चालतो. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. बाबांना पहिल्या पट्टीनंतर बरं वाटलं ते कदाचित आजार आपसूकच उताराला लागला होता म्हणून असेल.

पण याचा अर्थ जिवाणू नसतातच असा मुळीच नाही. श्वसनमार्गात त्रास देणारी ठरलेली मंडळी आहेत. न्यूमोनियाचा मुख्य मानकरी न्यूमोकॉकस, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए. सूक्ष्मदर्शकाखाली जोडीजोडीने बसलेले, जांभळे, टोकाला किंचित निमुळते. दुसरा हिमोफिलस इन्फ्लुएन्झे. हा नाजूक आहे. साध्या रक्ताच्या अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, नीट वाढत नाही, त्याला तापवलेल्या रक्ताचं अगार लागतं. रक्त तापवल्यावर त्याचा रंग चॉकलेटसारखा होतो म्हणून आम्ही त्याला चॉकलेट अगारच म्हणतो. या जंतूचं नाव इन्फ्लुएन्झा का, तर १८९२ मध्ये रिचर्ड फायफरला वाटलं की फ्लू यानेच होतो. माणसाच्या फ्लूचा खरा विषाणू सापडला १९३३ मध्ये, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तिसरा मोरॅक्सेला. जास्त दिवस अंथरुणाला खिळलेल्या किंवा दवाखान्यात राहिलेल्या रुग्णांत क्लेबसिएला वगैरे येतात.

आणि एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. यातले पहिले तिघे धडधाकट माणसाच्या नाका-घशातही काहीही न करता राहतात. म्हणून घशातून काढलेल्या नमुन्यात जंतू आला म्हणजे आजार त्याचाच, असं होत नाही.

वेताळटेकडी, तिसरी पट्टी देऊ नका. प्रत्यक्ष डॉक्टरांना दाखवा, छातीचा एक्स-रे काढा, थुंकी तपासा. तीन आठवडे झालेत, फोनवर निदान करायची वेळ टळून गेली आहे.

पाऊलवाट

काचपट्टी, प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. प्रेम आणि खोकला लपत नाही म्हणतात, पण खोकल्याचं कारण मात्र चांगलंच लपतं तर!

कृष्णाकाठ_आता_वाकड

मी इथे जरा विरोधी सूर लावणार आहे, रागावू नका.

"थांबा, विषाणू आहे, आपोआप जाईल" हे वाक्य माझ्या आईच्या बाबतीत आम्हाला फार महागात पडलं. आई ७८ वर्षांची. चार दिवस थोडा खोकला होता, ताप अजिबात नाही. दाखवलं तर म्हणाले सिझनल आहे, वाफ द्या. पाचव्या दिवशी सकाळी ती मला मावशीच्या नावाने हाक मारायला लागली. मावशी जाऊन अकरा वर्षं झाली. मला वाटलं झोपेत आहे. दुपारी चहाचा कप तिने बशीऐवजी पलंगाच्या गादीवर ठेवला, हात थरथरत होता, आणि मग माझं लक्ष तिच्या श्वासाकडे गेलं. घड्याळ लावून मोजले, मिनिटाला ३४. तसेच उचलून नेलं. उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग भरलेला होता, रक्तात न्यूमोकॉकस. नऊ दिवस आयसीयू. आई वाचली, पण आधीसारखी चालत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की "उगाच अँटिबायोटिक घेऊ नका" हे सांगताना "म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं नाही" हेही तितक्याच जोरात सांगा.

काचपट्टी

कृष्णाकाठ, यात विरोध कसला. तुम्ही लिहिलंत ते माझ्या प्रतिसादात आधीच असायला हवं होतं. वयस्कर माणसात न्यूमोनियाचं पहिलं लक्षण कित्येकदा गोंधळणं, जेवण सोडणं, पडणं हे असतं. मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास मोठ्या माणसात धोक्याचा इशारा. तिथे अँटिबायोटिक जितकं लवकर तितकं बरं, आणि तिथेच ते चालावं म्हणून बाकी ठिकाणी ते वाचवून ठेवायचं. आईंना नमस्कार सांगा.

कुकडीकाठ

श्वास मोजण्यावरून लिहितो. जुन्नर तालुक्यात आमच्या घरच्याच एक आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, आहेत, त्यामुळे हे कानावर सतत असतं. लहान मुलांचे श्वास मोजायचे ते मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट, अंगावरचं कापड वर करून. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जोरात आहे. आमच्याकडे आया "पोट उडतंय" म्हणतात. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल तर मग घरी काही करत बसायचं नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच माणसांना हे मोजायला आणि औषध द्यायला शिकवलं. त्यातून बालमृत्यू कमी झाले, तो अभ्यास १९९० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. आकडे मोजता न येणाऱ्या बाईलाही श्वास मोजता यावेत म्हणून त्यांनी मण्यांचं एक साधन केलं होतं. मला या सगळ्यात त्याचंच सर्वांत जास्त कौतुक वाटतं.

चिंचवडचा_औषधवाला

काउंटरच्या अलीकडून लिहितो. २६ वर्षं दुकान आहे.

पाऊस सुरू झाला की दिवसाला किती जण येतात सांगू? "ती तीन गोळ्यांची द्या." नावही माहीत नसतं, बोटांनी तीन दाखवतात. चिठ्ठी मागितली की म्हणतात मागच्या वेळी याच गोळीने बरा झालो. नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातात आणि महिन्याचं बीपीचं औषधही तिकडूनच घ्यायला लागतात. तरी मी नाही म्हणतो. पट्टीवर उभी लाल रेघ आहे ती चिठ्ठीशिवाय देऊ नये म्हणूनच छापली आहे ना? २०१४ पासून काही अँटिबायोटिक शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत आहेत, त्यांची विक्री डॉक्टरच्या आणि रुग्णाच्या नावासकट वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावी लागते आणि ते तीन वर्षं जपावं लागतं.

आणि काकांच्या त्या उरलेल्या पट्टीबद्दल. कात्रीने कापलेला तुकडा असेल तर त्यावर मुदतीची तारीख आहे का बघा. बहुतेक वेळा ती दुसऱ्या तुकड्यावर गेलेली असते.

वेताळटेकडी

@चिंचवडचा_औषधवाला, आत्ता उठून पाहिलं. चार गोळ्या, तारीख नाही, नावही अर्धंच. काकांना दाखवलं, ते गप्प बसले.

सगळ्यांचे आभार. परवाची वेळ घेतली आहे छातीच्या डॉक्टरांची.

हडपसर_सायकल

परवा जाल तेव्हा टीबीची तपासणी विचाराच. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की थुंकी तपासायची असा नियमच आहे. मी तो पाळला नाही.

२०१९ ला मी ३४ वर्षांचा, रोज सायकलने कामावर जाणारा. मला टीबी होईल असं कुणालाच वाटलं नाही, मला तर नाहीच. खोकला पाच आठवडे. दोन कोर्स झाले, तिसऱ्या वेळी लिव्होफ्लॉक्सासिन मिळालं. आणि काय सांगू, दहा दिवसांत झकास. ताप गेला, भूक लागली, मी सिंहगडावर जाऊन आलो. महिन्याभरात सगळं परत, वर वजन सात किलोनं कमी. नंतर कळलं की ते औषध टीबीच्या जंतूवरही थोडंफार चालतं. त्यामुळे तो मरत नाही, नुसता दबतो, आणि निदान लांबतं. त्या दोन महिन्यांत मी माझ्या तीन वर्षांच्या मुलीला कुशीत घेऊन झोपत होतो.

शेवटी महापालिकेच्या दवाखान्यात थुंकीच्या दोन डब्या दिल्या, एक तिथेच आणि एक पहाटेची. जंतूच्या जीन तपासणीत दुसऱ्या दिवशी टीबी कळला. सहा महिने औषधं, सगळी फुकट. सरकार पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये खात्यात टाकायचं, आता ते १००० झालेत. बायको आणि मुलगी दोघींना तपासून प्रतिबंधक गोळ्या दिल्या. तिघंही ठणठणीत आहोत. पण त्या दोन महिन्यांचा विचार मनातून जात नाही, म्हणून जिथे खोकल्याचा धागा दिसेल तिथे मी हे लिहितो.

आजोळ_वाई

वाचून पोटात खड्डा पडला. माझा "धीर धरा" हा सल्ला मी मागे घेते.

रास्तापेठ

थोडं अवांतर. आपल्या पुण्याचं आणि श्वासाच्या आजारांचं नातं जुनं आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले हडपसरजवळ मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्ण आणत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं असं सांगतात. त्यांना स्वतःलाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. प्लेगचा जंतू जेमतेम तीन वर्षं आधी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला सापडला होता. औषध काहीच नव्हतं. प्लेगचा जंतू फुफ्फुसात उतरला की तो खोकल्यातूनही पसरतो.

मग २००९ चा स्वाइन फ्लू. देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळा बंद, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा. आमच्या पेठेत लोक रुमालाच्या घड्या करून तोंडाला बांधत होते. तेव्हा एनआयव्ही (पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था) हे नाव रिक्षावाल्यालाही पाठ झालं.

काचपट्टी

अवांतर मुळीच नाही. फ्लूमधून उठणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसात जिवाणू शिरतो. १९१८ च्या फ्लूच्या साथीत बहुतेक माणसं शेवटी जिवाणूंच्या न्यूमोनियानेच गेली. म्हणून ताप उतरून दोन दिवस बरं वाटलं आणि मग परत थंडी वाजून ताप भरला, तर ते हलक्यावर घेऊ नये.

नेहरूनगर_पिंपरी

आमचे सासरे पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये होते. १९५४ चा कारखाना, देशाचं स्वतःचं पेनिसिलीन तिथे बनायला लागलं. ते सांगायचे की त्यांच्या लहानपणी न्यूमोनिया झाला की घरचे देवाजवळ दिवा लावून बसायचे, दुसरं काही हातात नव्हतं. शेवटच्या वर्षांत कुणी सर्दीला अँटिबायोटिक खाताना दिसलं की त्यांना राग आवरत नसे. "आम्ही ते एवढ्यासाठी बनवलं नव्हतं" म्हणायचे.

दोन_पिल्लांची_आई

मुलांच्या घशाबद्दल कुणीतरी सांगा ना. धाकटीचा घसा सारखा दुखतो आणि दरवेळी डॉक्टर अँटिबायोटिक देत नाहीत, कधी देतात. काही कळत नाही.

काचपट्टी

तुमचे डॉक्टर चांगले दिसतात. घसा दुखतो आहे, सोबत नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर बहुधा विषाणू. खोकला नाही, एकदम जास्त ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेच्या गाठी दुखऱ्या, तर स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस या जिवाणूचा संशय घेतात. त्याला मात्र पूर्ण कोर्स द्यायचा, कारण तो अर्धवट सोडला तर काही मुलांना पुढे सांधे धरणारा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होतात. तो जंतू अजूनही पेनिसिलीनला मरतो.

उलट मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूला पेनिसिलीन, अमॉक्सिसिलिन काही करू शकत नाही. ही औषधं जंतूची भिंत मोडतात आणि या जंतूला भिंतच नसते. शाळकरी मुलं याच्या न्यूमोनियात खोकत खोकत शाळेत जात असतात. तिथे अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या जातीचं औषध लागतं. कुठला जंतू आहे ते कळल्याशिवाय गोळी बदलत राहण्यात अर्थ नसतो, तो यासाठी.

दोन_पिल्लांची_आई

खूप खूप आभार. आणि वाफ द्यायची का?

पाऊलवाट

लहान मुलांना गरम पाण्याच्या पातेल्यावर बसवू नका. माझ्या भाच्याची मांडी भाजली आहे अशाने. मधही वर्षाच्या आतल्या बाळाला नाही.

आजोळ_वाई

मोठ्यांना मध-आल्याने घशाला आराम पडतो, हे तरी राहू द्या!

काचपट्टी

राहू द्या की. मीही घेते.

वेताळटेकडी

जाऊन आलो. एक्स-रेत न्यूमोनिया नाही. थुंकीचा पहिला नमुना परत आला, लिहिलं होतं "लाळ, पुन्हा पाठवा".

काचपट्टी

हे रोजचं आहे. नमुन्यात गालाच्या आतल्या पेशी जास्त आणि पू-पेशी कमी दिसल्या की आम्ही तो जंतू वाढवायला लावतच नाही, कारण त्यातून तोंडातलेच जंतू उगवतील. पहाटे उठल्याबरोबर साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीन खोल श्वास, मग पोटातून जोर लावून खोकायचं. चमचाभर पुरे, पण तो छातीतला हवा. आणि डबी दोन तासांच्या आत पोचवा, हिमोफिलस आणि न्यूमोकॉकस बाहेर फार टिकत नाहीत. आधी अँटिबायोटिक झाल्यामुळे काही न उगवण्याची शक्यता आहे, हेही डॉक्टरांना माहीत असू द्या.

चिंचवडचा_औषधवाला

बाबा काम काय करायचे? कधी विडी-सिगारेट?

वेताळटेकडी

हेच डॉक्टरांनी विचारलं! बाबा भोसरीला फाउंड्रीत ३१ वर्षं. विडी ओढायचे, सोडून पंधरा वर्षं झाली.

वेताळटेकडी

चार दिवसांनी लिहिते आहे. टीबी निगेटिव्ह. कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, रोगजंतू वाढला नाही. मग त्यांना यंत्रात जोरात फुंकायला लावलं. बाबांनी तीनदा फुंकलं, तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं. सीओपीडी आहे, म्हणजे फुफ्फुसाचा जुनाट आजार. श्वासनळ्या बऱ्याच वर्षांपासून आखडलेल्या असणार, सर्दीने नुसतं निमित्त झालं. जिने चढताना ते मध्ये थांबून खिडकीतून खाली बघायचे, आम्हाला वाटायचं पार्किंगमध्ये कुणी आलंय का बघतात.

अँटिबायोटिक आता काहीच नाही. पंप दिला आहे. डॉक्टर म्हणाले की अशा फुफ्फुसात जिवाणू, विशेषतः हिमोफिलस, ठाण मांडून राहू शकतात. पुढे कधी दम वाढला, कफ वाढला आणि रंगही बदलला, असं तिन्ही एकदम झालं तर लगेच या, तेव्हा कदाचित अँटिबायोटिक द्यावंच लागेल. म्हणजे रंग अगदीच बिनमहत्त्वाचा नाही.

काचपट्टी

डॉक्टरांचं अगदी बरोबर. ही दुरुस्ती माझ्या पहिल्या प्रतिसादाला जोडून वाचावी.

कृष्णाकाठ_आता_वाकड

न्यूमोकॉकसच्या लशीचं विचारलंत का? आमच्या आईला नंतर दिली, आधी द्यायला हवी होती. मोठ्यांना ती स्वखर्चाने घ्यावी लागते. लहान मुलांना सरकारी कार्यक्रमात मोफत आहे, सहा आठवडे, १४ आठवडे आणि नऊ महिने. २०१७ मध्ये काही राज्यांत सुरू झाली, २०२१ मध्ये देशभर. तिची एक भारतीय लस तर आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटचीच.

वेताळटेकडी

हो, फ्लूची दरवर्षी आणि न्यूमोनियाची, दोन्ही सांगितल्या आहेत. लवकरच देऊ. अडचण आता वेगळीच आहे. बाबा म्हणतात पंपाची सवय लागते.

हडपसर_सायकल

चष्म्याची लागते का विचारा. दिसत नाही म्हणून आपण तो लावतो, लावल्यामुळे दिसेनासं होत नाही. माझ्या आत्याला हे पटलं होतं.

चिंचवडचा_औषधवाला

स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, जरूर घ्या, नाहीतर अर्धं औषध जिभेवर बसतं. एक झटका, मग हळू लांब श्वास, दहा अंक मोजेपर्यंत धरायचा. आणि पंपात स्टिरॉइड असेल तर नंतर चूळ भरून थुंकायची, रोज, विसरायचं नाही. नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे डाग येतात.

वेताळटेकडी

आज सकाळी घेतला. दहा अंक मी मोजले. चूळ भरली. मग म्हणाले, "चहा आता लगेच चालतो का तेवढं विचार त्यांना."

चिंचवडचा_औषधवाला

चालतो. चूळ झाली की खुशाल घ्या.